चाऱ्याला न आलेली गाय

अमेरिकेच्या मध्यभागी, नेब्रास्का राज्यात, ‘सँडहिल्स’ नावाचा प्रदेश आहे. सुमारे 50,000 चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या वाळूच्या या टेकड्या गवताने झाकलेल्या आहेत. येथे माणसे विरळ आणि गुरे उदंड. उन्हाळ्यात कुरणांतील गवत कापून त्याच्या मोठमोठ्या गोल गासड्या बांधून ठेवतात. हीच हिवाळ्याची शिदोरी.

येथील बहुतेक गुरे हिवाळाही उघड्यावरच काढतात. हिमवादळ उठले की वर-खाली, जवळ-दूर सारे पांढरे होते. अशा वेळी शेतकरी ट्रॅक्टरवर गासडी घेऊन निघतो आणि झाडांच्या रांगेच्या आडोशाला वैरण पसरतो. 1949 च्या हिवाळ्यात बर्फाने वाटा इतक्या बुजल्या होत्या की, गुरांसाठी विमानांतून गवत टाकावे लागले.

वैरण गाईचे केवळ पोट भरत नाही, तर तिला ऊबही देते. कोटीपोटात गवत आंबताना उष्णता निर्माण होते. म्हणून अनेक जण संध्याकाळकडे चारा घालतात. ती ऊब रात्रीच्या कडाक्यात कामी येते. दाट, कोरडी केसाळ कातडी असलेली गाय उणे 8 अंश सेल्सियसपर्यंतची थंडी सहज सोसते. तीच कातडी भिजली, तर 15 अंशांपासूनच तिला ऊब टिकवण्यासाठी जादा शक्ती खर्चावी लागते. पाण्याचेही तसेच. हौदावरचा बर्फ फोडला नाही, तर गाय कमी पिते आणि कमी प्यायली की कमी खाते.

वाचकहो, कोरडे अंग, वाऱ्याला आडोसा, पोटात अन्न आणि पुरेसे पाणी ही चतुःसूत्री आपल्या घरातील ज्येष्ठांनाही लागू पडते. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, थंडीत ती आणखी कमी होते. म्हणून मागण्याची वाट न पाहता कोमट पाणी हाती द्यावे. मात्र हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे. ओलसर मोजे, दमट स्वेटर तत्काळ बदलावेत. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब वाढतो. म्हणूनच परदेशी मुलांकडे हिवाळा घालवणाऱ्या ज्येष्ठांनी अंगणातील बर्फ उपसण्याचे धाडस करू नये.

चारा पसरून झाल्यावरही अनुभवी शेतकरी लगेच परतत नाही. तो कळपावर नजर फिरवतो. खाणाऱ्या शंभर गाईंची त्याला चिंता नसते. चाऱ्याला न येता पाठ वाकवून दूर उभी राहिलेली एक गाय तो शोधत असतो.

काळजीवाहकांनी ही नजर अवश्य घ्यावी. थंडीच्या दिवसांत आजोबा ताटावर येत नाहीत, बोलणे अडखळते, विसंगत होते, गुंगी वाटते, हात-पोट गार लागते, तेव्हा ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. शरीराचे तापमान घातक पातळीवर उतरल्याची ही लक्षणे असू शकतात. वृद्धांना अशा वेळी हुडहुडी भरेलच असे नाही. त्यांना उबदार खोलीत न्यावे, ओले कपडे काढून कोरडी पांघरुणे घालावीत आणि विनाविलंब वैद्यकीय मदत बोलवावी. अंग जोराने चोळू नये; गुंगी असताना तोंडात काही घालू नये.

ताट वाढणे हे सेवेचे अर्धे काम आहे. ताटावर कोण आले नाही, हे पाहणे उरलेले अर्धे.