डॉक्टरला मुदत, परिषदेला नाही

सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था असो की सावंगी (मेघे) इथलं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, एमबीबीएसची इंटर्नशिप संपली की नव्या डॉक्टरला एमएमसीचा, म्हणजे महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नंबर हवा असतो. तो नसताना दवाखाना थाटणारा बोगस डॉक्टर ठरतो.

हा नंबर एकदा मिळाला म्हणजे झालं, असंही नाही. दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं आणि तेवढ्या काळात ३० क्रेडिट तास भरायचे. मग आर्वी-हिंगणघाटकडचे डॉक्टर रविवारी दवाखान्याला कुलूप लावून वर्ध्यात किंवा नागपुरात व्याख्यानं ऐकायला बसतात. तिथे किती जण कान देऊन ऐकतात आणि किती जण हजेरीपुरते येतात, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

पण ज्या परिषदेपुढे डॉक्टर दर पाच वर्षांनी उभा राहतो, तिचं नूतनीकरण कोण करतं? तिचे सदस्य बदलतात, त्यांच्या निवडणुका होतात. परिषद ज्यावर उभी आहे तो १९६५चा अधिनियम मात्र मुदतबंद नाही. या परिषदेची अजून गरज आहे का, असं विधिमंडळाने ठरावीक वर्षांनी विचारावं, अशी सोय त्यात नाही.

अमेरिकेत ती आहे. कोलोरॅडोने १९७६ साली आणि टेक्सासने पुढच्याच वर्षी कायदा केला, की मंडळांना ठरलेली मुदत असेल आणि विधिमंडळाने ती वाढवली नाही तर मंडळ आपोआप बरखास्त होईल. २०१९ साली टेक्सासात प्लंबरांना परवाने देणाऱ्या मंडळावर हीच वेळ आली. त्याचं काम दुसऱ्या खात्याकडे सोपवायचं विधेयक अडकलं, अधिवेशन संपलं आणि परवान्यांचा कायदाच संपायची पाळी आली. प्लंबर खवळले. शेवटी राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी हार्वे वादळानंतरच्या दुरुस्त्यांचं कारण देऊन आदेशाने मुदत वाढवली. २०२१ साली विधिमंडळाने मंडळाला रीतसर जीवदान दिलं.

आपल्याकडे असं काही घडलं ते ठरवून नव्हे, बोभाटा झाल्यावर. एप्रिल २०१० मध्ये देशपातळीवरच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या अध्यक्षांना लाचेच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली. मे महिन्यात अध्यादेश निघाला, परिषद बाजूला सारून नियामक मंडळ नेमलं गेलं. मुदत एक वर्ष. पुढे दुरुस्त्या करून एकाची दोन वर्षं झाली, दोनाची तीन. २०१३ साली परिषद परत आली. २०१८ साली पुन्हा अध्यादेश, पुन्हा नियामक मंडळ! अखेर २५ सप्टेंबर २०२० रोजी तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. दरवेळी संसदेपुढे प्रश्न तात्पुरत्या मंडळाच्या मुदतीचा होता. मूळ परिषदेचं काम तपासायची ठरलेली तारीख तिच्या १९५६च्या कायद्यात नव्हतीच.

मला टेक्सासची पद्धत आदर्श वाटत नाही. गोंधळ घालून मंडळ ओलीस धरता येतं, हे प्लंबरांनी पाहिलंच. पण निदान तारीख आली की कागद उघडावे लागतात.

वर्ध्याचा जुना अनुभव याहून मासलेवाईक आहे. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होतं; तिथला वैद्यकीय नोंदणी कायदा १९१६चा. मुंबई इलाख्याचा वेगळा, १९१२चा. हे निरनिराळे कायदे मोडीत निघून १९६५ साली सगळ्या राज्याला एकच अधिनियम मिळाला. कुणी त्या जुन्या परिषदांचा हिशेब मागितला म्हणून नव्हे. १९५६ आणि १९६० साली नकाशा बदलून विदर्भ आधी मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात आला म्हणून.