अंगण खरंच वाकडं असेल तर?

गड्ड्यात फुगे फोडायची बंदूक तुम्ही कधी हातात घेतली आहे का? सोलापूरकरांना गड्डा म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी : संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते आणि होम मैदानावर पाळण्यांपासून भाग्यश्री बटाटेवड्यापर्यंत सगळं मिळतं, ती आमची गड्डा यात्रा. मी चौथीत असताना काकांनी तिथे मला एक धडा दिला होता. त्यांनी दहा छर्रे घेतले आणि पहिले तीन फुग्यावर मारलेच नाहीत. मागच्या फळीवरच्या एका डागावर मारले. म्हणाले, "नळी वाकडी आहे. पण दर वेळी तेवढीच वाकडी आहे. किती ते कळलं की झालं." उरलेल्या सात छर्‍यांत सात फुगे. स्टॉलवाल्याचा चेहरा मला अजून आठवतो :-)

काका कॉलेजात शिकवायचे आणि एनसीसीचे अधिकारीही होते. त्यांच्याकडे १९८४ साली रीतसर परवान्यावर घेतलेली एक जुनी टार्गेट रायफल आहे. बीएसए मार्टिनी इंटरनॅशनल, पॉइंट टू टू बोअरची, १९५०च्या दशकात बर्मिंगहॅमला बनलेली. (होय, मोटारसायकलवालीच बीएसए. नावातल्या 'एसए'चा अर्थच स्मॉल आर्म्स.) बोल्ट नाही, मॅगझिन नाही. खालची लिव्हर ओढायची, ब्लॉक खाली जातो, एक काडतूस हाताने सरकवायचं, लिव्हर वर. एका वेळी एकच गोळी. शिकारीला निरुपयोगी आणि कागदाला भोक पाडण्यात एके काळी अव्वल.

मागच्या हिवाळ्यात शुक्रवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसने घरी गेलो, तर काका म्हणाले, "परवान्याचं नूतनीकरण आलंय. या वेळी करत नाही. रायफल जमा करून टाकतो."

मी कारण विचारलं. त्यांनी दोन टार्गेटं समोर ठेवली. एक १९८६ सालचं, पिवळं पडलेलं. पन्नास मीटरवरून झोपून मारलेल्या दहा गोळ्या, सगळ्या मिळून १८ मिलिमीटरच्या आत. दुसरं महिन्यापूर्वीचं. पसारा ४५ मिलिमीटर.

"वय झालं. हात हलतो, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. संपलं."

"काका, काडतुसं तीच आहेत का?"

"अरे लेका, नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचं होय आता मी?"

विषय तिथेच संपला. पण माझ्या डोक्यात काही संपला नाही. ऑफिसात एखादा बग आला आणि समोरचा म्हणाला की चूक माझीच आहे, तरी आपण लॉग बघतोच ना?

मग मी वाचायला लागलो आणि लक्षात आलं की हे काडतूस दिसतं तेवढं साधं नाही. पॉइंट टू टू लाँग रायफल १८८७ पासून आहे. यात ठिणगीचा मसाला काडतुसाच्या कडेच्या आतच भरलेला असतो. म्हणजे मोठ्या रायफलवाले जसं स्वतः दारू मोजून काडतूस भरतात, तसं इथे करता येत नाही. कारखान्याने जे भरलं ते भरलं. आपल्या हातात फक्त निवड. शिवाय प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. म्हणून तर ऑलिंपिकचे नेमबाज आपली रायफल घेऊन कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जातात आणि लॉट नंबर बघून खरेदी करतात. २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत काय, किंवा १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेणारा स्वप्नील कुसाळे काय, दोघंही कोल्हापूरचे आणि दोघंही हेच काडतूस पन्नास मीटरवर मारणारे. त्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. आपल्या करंगळीच्या नखाएवढं.

दुसरी गोष्ट वेगाची. मला वाटायचं, जोरात जाणारी गोळी चांगली. उलट आहे! स्टँडर्ड काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटरने निघते, म्हणजे आवाजापेक्षा थोडी हळू. हाय व्हेलॉसिटीची ३८०च्या आसपास निघते आणि टार्गेटपर्यंत पोचता पोचता आवाजाच्या वेगाखाली येते. ती सीमा ओलांडताना गोळीला हिसका बसतो. काकांकडे मधल्या काळात दुकानात जे मिळेल ते येत गेलं होतं. त्यात हे वेगवान पाकीटही होतं.

आता आपल्याकडे "चार प्रकारची काडतुसं आणून बघू" हे वाक्य बोलायला सोपं आहे. वर्षाला किती घ्यायची तो आकडा परवान्यावर असतो, प्रत्येक खरेदीची नोंद होते. परदेशी मॅच काडतुसं तर संघटनेमार्फत, तीही नोंदणीकृत खेळाडूंनाच. काका क्लबचे जुने सदस्य, म्हणून जमलं. तरी चार पाकिटं गोळा व्हायला तीन महिने लागले. काका कुरकुरत होते, पण परवान्याची मुदत संपायच्या आत एकदा बघायला तयार झाले.

रेंजवर मारणारे काका, लिहिणारा मी. नियम ठरवला : प्रत्येक प्रकारच्या ३५ गोळ्या. पहिल्या १५ मोजायच्या नाहीत, कारण गोळीवर मेण असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं. आधीचं मेण जाऊन नवं बसेपर्यंत नळी खरं बोलत नाही. मग १० नेहमीसारख्या झोपून, पट्टा लावून. आणि १० रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, म्हणजे हाताचा दोष जवळजवळ बाजूला.

कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. या नळीचं उत्तर दुसऱ्या नळीला लागू पडत नाही, उगाच कुणी त्यावर विसंबून पैसे घालवायचं.

'अ' म्हणजे काकांचं नेहमीचं. झोपून ४६, पिशवीवर ३५. 'ब' वेगवान : ५८ आणि ४४. 'क' : ३९ आणि २८. मग 'ड'. झोपून मारलेल्या दहा गोळ्यांनंतर काकांनी दुर्बिणीतून बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. मी कागद आणून मोजला. २७. पिशवीवर १५.

पंधरा! सत्तर वर्षांची नळी, आणि ती अजून पंधरा मिलिमीटरमध्ये मारते. बाद झालेली रायफल नव्हतीच.

मी उत्साहाने म्हटलं, "बघा काका! अंगणच वाकडं होतं."

काका बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिले, १९८६चा आणि आजचा. मग म्हणाले, "अठरा आणि सत्तावीस. नऊ मिलिमीटर. म्हणजे एवढं माझं वय झालं."

खरं तर चुका अशा सरळ वजा होत नाहीत. वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ, वगैरे. तोंडापर्यंत आलं होतं. गप्प बसलो.

कारण ते वाईट वाटून बोलत नव्हते. दोन वर्षं ते सगळा पसारा स्वतःच्या अंगावर घेऊन बसले होते. त्यातलं किती आपलं आणि किती दुसऱ्याचं हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. आपलं जेवढं होतं ते मात्र त्यांनी सोडलं नाही. फळीवरच्या डागावर तीन छर्रे मारणारा माणूस दुसरं काय करणार?

मला मात्र परतीच्या गाडीत वेगळंच आठवत होतं. कामावरच्या किती गोष्टी मी "मलाच जमत नाही" म्हणून सोडल्या आणि किती "सिस्टीमच तशी" म्हणून. दोन्ही वेळा मोजलं मात्र नव्हतं.

काकांनी नूतनीकरणाचा अर्ज भरला. पाच वर्षांचा. 'ड'ची त्याच लॉटची आणखी दोन पाकिटं क्लबमार्फत मिळाली. ती संपली की नवा लॉट आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी त्यांनी लॉट नंबर लिहून ठेवलाय. काकूंना वाटलं गॅसचा बुकिंग नंबर आहे.