जातिवंत

कोल्हापुरात कोणी कुत्रा घेऊन फिरायला निघाला की वाटेतला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "जात कोणती?" विचारणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते. बैल, म्हैस, घोडा, कुत्रा यांच्या बाबतीत हा शब्द आपण सहज वापरतो आणि उमद्या जनावराला 'जातिवंत' म्हणून गौरवितो. माणसाच्या बाबतीत याच शब्दाने किती जणांना उंबऱ्याबाहेर ठेवले, हे या शहराला सांगण्याची गरज नाही. १९०२ साली रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा शाहू महाराजांचा हुकूम याच संस्थानचा. आमच्या घरी मात्र कुत्र्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या तोऱ्यात दिले जाई : "कारवानी. अस्सल." त्या तोऱ्याची किंमत आमच्यापैकी कोणीच मोजली नाही. ती एका दहा वर्षांच्या मुलाने मोजली.

कारवानी कुत्रा दक्षिण महाराष्ट्राला नवा नाही. सांगली, सोलापूर, लातूर या भागांत तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. कर्नाटकात गेले की त्याला मुधोळ म्हणतात. दोन्ही एकच की वेगळे, यावर जाणकारांत अजून भांडणे होतात. आम्ही त्यात पडत नाही. मुधोळ हे घोरपड्यांचे छोटेसे संस्थान, आज बागलकोट जिल्ह्यात. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरड शिकाऱ्यांजवळची ही कुत्री हेरली, निवडून त्यांची पैदास केली आणि त्यांना गावाचे नाव मिळवून दिले, असे सांगतात. लांब निमुळते तोंड, खोल छाती, पाठीला लागलेले पोट, अंगावर आखूड केस आणि चाबकासारखी शेपटी असा हा प्राणी. वासापेक्षा डोळ्यावर त्याची भिस्त. मोकळ्या माळावर ससा उठला की मालकाच्या हुकमाची वाट न पाहता तो सुटतो. ज्या कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवून पाळले गेले, तेथे धावत्या जनावराचे कौतुक असणारच. राजांची शिकार संपली, चित्ते गेले. कुत्रा शेतकऱ्याकडे आणि धनगराकडे राहिला.

१९९३ सालच्या दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेला वडील आपल्या एका स्नेह्याबरोबर गेले होते. स्नेही शिरोळ तालुक्यातले, उसाचे शेतकरी. यात्रेत लांबलांबचे धनगर येतात. त्यांतल्या एकाच्या कुत्रीला पिल्ले झालेली होती. वडिलांनी एक घेतले, स्नेह्यांनी दुसरे. एकाच कुशीतले, एकाच दिवशी जन्मलेले दोन भाऊ. पैसे हातात घेण्यापूर्वी धनगराने दोघांना एकच प्रश्न विचारला, असे वडील पुढे सांगत : "पळाय जागा हाय न्हवं?" स्नेही म्हणाले, "शिवार हाय." वडील म्हणाले, "हाय की."

आमच्या शाहूपुरीतल्या घराचे अंगण वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद होते. त्यातही एका कोपऱ्यात स्कूटर.

नाताळानंतर घर आशीर्वादित करायला फादर आले, तेव्हा पिल्लू त्यांच्या झग्याच्या काठाशी झोंबू लागले. त्यांनी आम्हा भावंडांना खाली बसवून तोबिताच्या ग्रंथातली गोष्ट सांगितली : तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, देवदूत राफाएल त्याच्या सोबतीला असतो, आणि त्या दोघांबरोबर एक कुत्राही चालू लागतो. त्याचे नाव ग्रंथात नाही. तो काही पराक्रम करीत नाही. जाताना बरोबर असतो, येताना बरोबर असतो. आम्ही पिल्लाचे नाव टोबी ठेवले. गोष्टीतला कुत्रा चालत होता, ही बाब आमच्या ध्यानात आली नाही. आमचा टोबी आठ महिन्यांचा झाला तेव्हापासून साखळीला होता.

त्याला बांधण्यात आमचा दुष्टपणा नव्हता. शेजारच्या मांजरामागे त्याने एकदा दोन भिंती ओलांडल्या, आणि घरात एकमत झाले की जात शिकारी आहे, बांधलेली बरी. पहिले काही दिवस थोरला भाऊ त्याला पहाटे रंकाळ्यावर नेई. पुढे दहावीचे वर्ष आले आणि ते थांबले. टोबी साखळीच्या अर्धवर्तुळात फिरे. फरशीवर त्याच्या नखांची एक चकचकीत कमान उमटली होती. पाहुणे आले की वडील त्याला मुद्दाम भुंकायला लावीत, आणि तो भुंकला की हसत.

१९९५ च्या उन्हाळ्यात वडील ज्या फौंड्रीत होते ती बंद पडली. ज्या घरात आवाज क्वचितच चढत असे, तेथे तो रोज चढू लागला. भाजी महाग म्हणून, पंखा चालू राहिला म्हणून, आम्ही हसलो म्हणून. आई बोलणे टाळी. आम्ही पुस्तकात तोंड घालून बसत असू. टोबीला पुस्तक नव्हते. दारामागे आवाज चढला की तो उठून उभा राही, मानेवरचे केस ताठ करी आणि जो कोणी फाटकापाशी असेल त्याच्याकडे पाहून भुंके. तो आपली राखण करतो आहे, असे आम्ही समजलो.

आमच्याकडे म्हशीचे दूध घालायला गवळ्याचा मुलगा येई. जुलैच्या एका सकाळी त्याने किटली ठेवली आणि खाली मान घालून दोन महिन्यांच्या बिलाची आठवण केली. त्याला बापाने तसे सांगितले होते. वडील दारात आले आणि त्याच्यावर ओरडले. काय ओरडले ते येथे लिहिण्याजोगे नाही. टोबीने झेप घेतली, साखळीची कडी निसटली, आणि त्याने मुलाची पोटरी धरली.

पुढची धावपळ वाचकांनी कल्पावी. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला : कुत्र्याला लस टोचली आहे काय? टोचलेली नव्हती. अस्सल कारवानी म्हणून मिरवणाऱ्या आम्हांला चार-पाच मिनिटांचे ते काम दोन वर्षांत जमले नव्हते. तेव्हा सरकारी दवाखान्यांत मेंढीच्या मेंदूपासून केलेली रेबीजची लस पोटात टोचीत असत. भारतात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. त्या मुलाला ती चौदा दिवस घ्यावी लागली.

गल्लीने आपला निकाल त्याच संध्याकाळी दिला. "शिकारी जात. रक्तच तसलं. मारून टाका." खरे सांगायचे तर मारण्याची कल्पना सोडली, तर उरलेला निकाल आम्हांला सोयीचा वाटला. रक्तच तसले, म्हणजे आमच्याकडे दोष नाही. आम्ही तो निकाल शाळेत सांगितला, रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात सांगितला. ऐकणारे मान डोलावीत. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना वडील ताटाकडे पाहत म्हणाले, "तो माझा आवाज ऐकून सुटला." कोणी काही बोलले नाही. आई वाढत राहिली.

त्या मुलाला चौदाही दिवस दवाखान्यात वडिलांनी स्वतः नेले. स्कूटरवर पुढे उभे करून नेत, रांगेत बसत, परतताना त्याला घरी सोडीत आणि त्याच्या बापाशी दोन शब्द बोलून येत. काय बोलत ते आम्हांला कधी कळले नाही. बिल मात्र पहिल्याच दिवशी चुकते झाले. आईच्या दोन बांगड्यांपैकी एक त्यानंतर आम्ही पाहिली नाही.

टोबीला रेबीज नव्हता. दहा-बारा दिवसांनी शिरोळचे स्नेही जीप घेऊन आले. बरोबर त्यांनी आपला राजा आणला होता, म्हणजे टोबीचा सख्खा भाऊ. तोच रंग, तेच तोंड, तीच खोल छाती. स्नेह्यांचा दोन वर्षांचा नातू त्याचा कान धरून जीपमध्ये उभा होता. आम्ही भावंडे कुत्र्याकडे पाहण्याऐवजी एकमेकांकडे पाहू लागलो. रक्ताची सबब त्या क्षणी आमच्या हातून गेली.

स्नेह्यांच्या घरात दत्ताची तसबीर होती; नृसिंहवाडी जवळ, त्यामुळे घराण्याची भक्ती. तसबिरीतल्या चार कुत्र्यांमुळे त्या घरी कुत्र्याला कोणी लाथ मारीत नसे, एवढे खरे. बाकी तेथे काही विशेष नव्हते. साखळी नव्हती. पहाटे बांधावरून मैल-दोन मैल धावणे, दुपारी गोठ्याच्या सावलीत झोप, संध्याकाळी आजींच्या हातची भाकरी. टोबी एकदम गुणी झाला असे मात्र कोणी समजू नये. पहिल्याच आठवड्यात त्याने शेजारच्या दोन कोंबड्या मारल्या. ते जातीचे होते, आणि राजाही त्या बाबतीत निर्दोष नव्हता. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला शेवटपर्यंत खपला नाही, तेही जातीचे. पण परका आला की आता तो उठून लांब जाऊन बसे. दात त्याने पुन्हा कोणालाही लावला नाही.

या गोष्टीचा छडा लावणारे पुष्कळ काही आम्ही पुढे वाचले. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी पाच जातींची पिल्ले वर्षानुवर्षे वाढवून १९६५ साली ग्रंथ लिहिला. पिल्लाच्या वयाचे तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस माणसांची ओळख पटण्याचे, असे त्यांना आढळले. त्या दिवसांत राजाच्या भोवती गडी, बाया, पोरे, बैल होते. टोबीभोवती बंद फाटक. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातील फरकापैकी जातीने उलगडणारा भाग अवघा ९ टक्क्यांच्या आसपास निघाला. सांगितलेले ऐकण्याची वृत्ती थोडीफार जातीवरून ओळखता येते. डिवचले असता कोण लवकर चिडेल, हे जातीवरून जवळजवळ ओळखता येत नाही.

२०१९ सालच्या एका स्वीडिश अभ्यासाची चर्चा फार झाली. त्यात ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतला ताणाचा अंश मोजला, तेव्हा माणसाचा ताण कुत्र्यातही दीर्घकाळ उमटलेला दिसला. आम्हांला तो वाचून भरून आले होते. पण ती कुत्री मेंढरे वळणाऱ्या जातींची होती, माणसाच्या इशाऱ्यावर काम करणारी. त्याच संशोधकांना पुढे एकट्याने शिकार करणाऱ्या जातींत असा मेळ आढळला नाही. तेव्हा वडिलांचे दुःख टोबीच्या अंगात उतरले, असे आम्ही म्हणणार नाही; ते ऐकायला गोड आहे, एवढेच. साधी गोष्ट अशी की धावण्यासाठी घडलेल्या जनावराला आम्ही वर्षाहून अधिक काळ बांधून ठेवले, भुंकण्याबद्दल शाबासकी दिली, आणि एके दिवशी त्याच्या डोक्यावरून एका लहान मुलावर ओरडलो.

हे सारे आठवण्यास कारण घडले ते एका यादीमुळे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने पिटबुल, रॉटवायलर इत्यादी २३ जाती माणसाला धोकादायक ठरवून त्यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी, असे राज्यांना कळविले. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द केले. इंग्लंडने १९९१ सालीच असा कायदा करून चार जातींवर बंदी घातली होती. तीस वर्षांनंतर त्यांना यादीत आणखी एक जात घालावी लागली. मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर जखम मोठी होते, हे आम्ही नाकारीत नाही. ज्याच्या घरी मूल आहे त्याने ते विसरूही नये. पण यादी वाचून आमच्या एका परिचिताने समाधानाने म्हटले, "बघा, कारवानी नाही त्यात," तेव्हा आम्हांला हसू आले नाही.

मुधोळ कुत्र्याला आता चांगले दिवस आले आहेत. २००५ साली त्याचे टपाल तिकीट निघाले. २०१६ पासून लष्कराने त्याला मेरठला शिकवायला घेतले. आनंदच आहे. मात्र जातीचे नाव झाले की पिल्लाला गिऱ्हाईक मिळते, आणि गिऱ्हाइकाला शिवार आहे की नाही, हे विचारणारा धनगर मधे उरत नाही. ताराबाई पार्कातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एप्रिलच्या उन्हात धापा टाकणारा सायबेरियन हस्की आम्ही पाहिला आहे. त्याचे मालक सज्जन गृहस्थ आहेत. आम्हीही होतोच.

वडील १९९६ च्या जानेवारीत पहिल्यांदा शिरोळला गेले. तोवर त्यांना शिरोलीच्या एका कारखान्यात काम मिळाले होते. गवळ्याच्या मुलाने हट्ट धरला म्हणून त्यालाही बरोबर घेतले, आणि आम्ही दोघे-तिघे होतोच. स्नेह्यांनी मुलाला सांगितले, त्याच्याकडे बघू नको, पाठ करून बस. मुलगा बांधावर पाठ करून बसला. बऱ्याच वेळाने टोबी उसातून आला, त्याने मुलाच्या हाताचा वास घेतला, बहुधा दुधाचा असावा, आणि तो राजामागे निघून गेला. मुलगा हसला नाही, घाबरलाही नाही. हात तसाच धरून बसला.

वडिलांनी हळू आवाजात हाक मारली. टोबी थांबला, वळून पाहिले आणि चार-पाच हातांवर उसाकडे तोंड करून बसला. त्याहून जवळ तो त्यांच्या कधीच आला नाही. वडील महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर शिरोळची एस. टी. धरीत, टोबी होता तोवर, म्हणजे २००५ च्या पावसाळ्यापर्यंत, त्यांनी हा नेम मोडला नाही. जाताना पिशवीत भाकरी असे. ती बांधावर ठेवून ते चार-पाच हात मागे सरून बसत.