सूत्रग्राहीची विद्या

घर बांधणें ही गोष्ट आपल्या गृहस्थाश्रमांत विवाहाच्या बरोबरीची मानिली जाते. परंतु तें कसें बांधावें हें शिकण्यासाठीं मुलांनीं पांच वर्षें खर्चावीं, हें पुष्कळ कुटुंबांस अद्यापि पटत नाहीं. ‘मिस्त्री आहे, इंजिनीयर आहे, मग वास्तुविशारद कशाला?’ हा प्रश्न आमच्याही घरीं निघाला. आमच्या पुतण्याच्या कन्येनें नागपुरास या विद्येच्या पहिल्या वर्षांत प्रवेश घेतला. आणि त्याच सुमारास गोंदियाजवळील आमचें जुनें कवेलूंचें घर पाडून सिमेंटचें बांधण्याचा बेत बंधुवर्गांत पक्का होत आला होता.

आपल्या पूर्वजांनीं ही विद्या हलकी लेखिली नव्हती. ‘मयमत’ ग्रंथांत स्थपति, सूत्रग्राही, तक्षक व वर्धकि असे चौघे सांगितले आहेत. स्थपति योजना करितो, सूत्रग्राही दोरी धरून मापें ठरवितो, तक्षक तासतो आणि वर्धकि जोडतो. अर्वाचीन काळीं मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत १८९६ सालीं नकाशे काढणारांचा वर्ग निघाला. त्यांतूनच पुढें वास्तुकलेचें शिक्षण वाढलें. १९७२ च्या कायद्यानें तर नोंदणीवांचून कोणास वास्तुविशारद म्हणवून घेतां येत नाहीं.

पहिल्या वर्षीं मुलांस प्रासाद रचावयास शिकवीत असतील, अशी कित्येकांची समजूत असते. वस्तुतः प्रथम शिकवितात तें सूत्रग्राहीचें काम. १:५० या प्रमाणांत एक मीटर भिंत कागदावर दोन सेंटिमीटर होते. भोपळा विळीवर उभा चिरावा, तसें घर मनानें चिरून आंतील रचना काढणें म्हणजे छेदचित्र. विटेच्या एका थरांतील उभा सांधा खालच्या थरांतील सांध्यावर येऊं द्यावयाचा नाहीं. आला तर भेग सरळ खालीं उतरते.

दिवाळीच्या सुटींत या मुलीनें अभ्यास म्हणून आमचेंच घर तीन दिवस मोजिलें. धानाच्या या मुलुखांत पाऊस भरपूर आणि वैशाखाचें ऊनही कडक. दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती दिवसाची उष्णता आंत येऊं द्यावयास उशीर लावितात. खोल पडवी भिंतीस ऊन व झड लागूं देत नाहीं. उंच जोतें पाणी दूर ठेवितें. हें सर्व कागदावर आलें. त्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. माजघराची मागील भिंत ‘वयोमानानें’ झुकली असें आम्ही सर्व समजत होतों. तिच्या मुळाशीं न्हाणीचें पाणी मुरत होतें. मातीची भिंत भिजली म्हणजे बळ सोडते. बाकीच्या भिंती ओळंब्यास उतरल्या.

‘निर्णय देण्याची माझी योग्यता नाहीं, जाणत्यांस दाखवा,’ असें तिनेंच सांगितलें. हें वाक्य आम्हांस तिच्या नकाशाहून मोलाचें वाटलें. पाडण्याचा बेत तूर्त थांबला आहे. न्हाणीचें पाणी दूर काढिलें आहे. थोरल्या बंधूंस अद्यापि गच्ची हवी आहे, आणि त्यांची अडचणही खोटी नाहीं. दर दोन वर्षांनीं कवेलू फेरणारीं माणसें आतां मिळत नाहींत.

वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं वडिलोपार्जित घर पाडणें असो वा राखणें असो, आधीं तें मोजवून घ्यावें. आणि आपल्या घरचें मूल ही विद्या मागेल, तर तिला इंजिनीयरीची धाकटी बहीण म्हणून परत पाठवूं नये.