खरं, खरे, खचित

कर्नाटकातल्या निपाणीत 'खरं' हा शब्द वाक्याच्या अधेमध्ये कुठेही येतो. लग्न होऊन अमरावतीहून इथे आले तेव्हा मला त्याचा पत्ताच लागेना. तंबाखू बघायला आलेले एक मामा सासऱ्यांना म्हणाले, "जर्दा चांगला हाय, खरं ओल हाय अजून." मग खरं काय धरायचं, चांगला की ओला? सासूबाई सांगत, "जेवून जा म्हटलं तिला, खरं थांबली न्हाई." न थांबण्यात एवढं शपथेवर सांगण्यासारखं काय, हे मला उमगत नव्हतं.

इथे 'खरं' म्हणजे 'पण'. 'हे खरं, पण…' यातला 'पण' कधीतरी गळून पडला असावा, असा माझा तर्क. मला हा 'खरं' फार आवडतो: दुसऱ्याचं म्हणणं आधी मान्य करायचं, मगच आपलं पुढे ठेवायचं. माहेरची माणसं याला मोडकी मराठी म्हणतात, तेव्हा मी मनापासून भांडते.

शेजारच्या अक्का घरात कन्नड बोलतात. नवल वाटलं की विचारतात, "खरेन?" बेळगाव-धारवाडकडच्या कन्नडात खऱ्याला 'खरे'च म्हणतात. म्हैसूरकडून बदलून आलेल्या एक बाई मात्र "निजाना?" म्हणाल्या आणि मला झोपच आठवली.

कन्नड अक्षरं लावून वाचू लागले तशी गंमत वाढली. पंचायतीच्या फलकावर 'उद्योग खात्री'. मला वाटलं, कारखान्यांना काहीतरी हमी असेल. निघाली आपली रोजगार हमी! कन्नडात उद्योग म्हणजे काम, नोकरी. आणि वर्तमानपत्रात पक्क्या बातमीला 'खचित'. हा शब्द मी फक्त आजोबांच्या जुन्या पुस्तकांत पाहिला होता. इथे तो रोज सकाळी दारात पडतो.

१९५६ साली हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्याची सल इथल्या मराठी घरांत मी रोज पाहते. त्याच घरांत अक्कांशी बोलताना 'खरे' आणि 'खरं' सहज एकमेकांत मिसळतात.

एका जागी मी अजून अडते. कोणी नुसतं "खरं…" म्हणून थांबलं, की ते माझं म्हणणं मान्य करतंय की आता आक्षेप घेणार, हे कळत नाही. मी पुढच्या शब्दाची वाट बघते.