कर्ण्यावरून ऐकलेलं नाटक

लार्क्सपरच्या धक्क्यावरून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी फेरीबोट सुटली, की थोड्याच वेळात डाव्या हाताला पिवळसर भिंतींच्या लांबलचक इमारती दिसू लागतात. पाण्याला अगदी लागून. मुलीकडे राहायला गेलो होतो, तेव्हा पहिल्या दिवशी मला ती एखादी बंद पडलेली गिरणी वाटली. शेजारच्या बाकावरचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सॅन क्वेन्टिन." मी उठून कठड्यापाशी गेलो आणि त्या भिंती मागे पडेपर्यंत तिथंच उभा राहिलो. सांगलीत उभा जन्म हौशी रंगभूमीवर काढलेल्या माणसाला हे नाव नाटकाच्या पुस्तकांतूनच माहीत असतं.

हा तुरुंग १८५२ सालचा. तिथल्या भोजनगृहात १९ नोव्हेंबर १९५७ रोजी 'अ‍ॅक्टर्स वर्कशॉप' या सॅन फ्रान्सिस्कोच्या संस्थेनं सॅम्युएल बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' केलं. हर्बर्ट ब्लाउ आणि ज्यूल्स आयर्व्हिंग या दोन प्राध्यापकांनी १९५२ मध्ये ही संस्था काढली होती. तुरुंगासाठी हेच नाटक का? एक कारण अगदी व्यवहाराचं होतं: त्यात बाईचं काम नाही. त्याआधी तिथं रंगमंचावरचं नाटक झालं होतं ते १९१३ मध्ये, सारा बर्नार्ट आली होती तेव्हा.

समोर चौदाशे कैदी. नटांच्या पोटात गोळा आला होता आणि त्याला तसंच कारण होतं. आदल्याच वर्षी मायामीत याच नाटकाला आलेले सुखवस्तू प्रेक्षक मध्येच उठून गेले होते; बर्ट लारसारखा लोकप्रिय विनोदी नट असूनही. दोन माणसं झाडाखाली कुणाची तरी वाट पाहतात, तो येत नाही, दुसऱ्या दिवशीही येत नाही, एवढंच ज्यात घडतं ते नाटक या लोकांपुढं कसं टिकणार? पडदा उघडण्याआधी ब्लाउ पुढं आला. जॅझ ऐकता तसं हे ऐका, ज्याला जे सापडेल ते त्याचं, अशा अर्थाचं त्यानं सांगितलं.

कैदी शेवटपर्यंत बसले. टवाळी करायला आलेलेसुद्धा. वाट पाहणं म्हणजे काय, ही गोष्ट त्या चौदाशे जणांना कुणी समजावून द्यावी लागली नाही. मार्टिन एस्लिनच्या 'थिएटर ऑफ द अ‍ॅब्सर्ड' या पुस्तकाची सुरुवातच या प्रयोगानं होते, त्यामुळं नाटकवाल्यांना तो ठाऊक असतो. (जर्मनीतल्या एका तुरुंगात कैद्यांनी त्याआधीच, १९५३ मध्ये, हे नाटक स्वतः बसवलं होतं. त्याची आठवण मात्र फारसं कुणी काढत नाही.)

पण मला त्या चौदाशेंहून जास्त ओढ आहे ती भोजनगृहात नसलेल्या एका माणसाची. रिक क्लूची. शिकागोचा, वय चोविसेक वर्षं, जन्मठेपेवर. त्याला त्या संध्याकाळी कोठडीबाहेर सोडलं नाही. तुरुंगाच्या कर्ण्यावरून प्रयोगाचा आवाज कोठड्यांपर्यंत पोचत होता. क्लूचीनं 'गोदो' पहिल्यांदा असं ऐकलं. झाड नाही, बूट नाहीत, चेहरे नाहीत. फक्त अंधारातून येणारे आवाज आणि मधल्या शांतता.

त्या आवाजातून एक संस्था उभी राहिली. 'सॅन क्वेन्टिन ड्रामा वर्कशॉप'. तुरुंगातली फाशीची खोली तोवर वापरात राहिली नव्हती. तिचंच कैद्यांनी छोटं नाट्यगृह केलं. अ‍ॅक्टर्स वर्कशॉपचा अ‍ॅलन मँडेल बाहेरून येऊन त्यांना शिकवत असे. १९६१ मध्ये त्यांनी 'गोदो' बसवलं आणि व्लादिमिर केला क्लूचीनं. पुढं त्यानं 'द केज' हे स्वतःचं नाटक लिहिलं, तुरुंगाबद्दलचंच. १९६६ मध्ये राज्यपालांनी त्याची शिक्षा कमी केली आणि तो सुटला. सुटलेला माणूस तुरुंगाचं नाव पुसून टाकायला धडपडतो. यानं मात्र सॅन क्वेन्टिन हे नाव आपल्या नाटकमंडळींच्या माथ्यावर कायम ठेवलं आणि तेच घेऊन युरोपात गेला.

१९७४ मध्ये पॅरिसला तो बेकेटला भेटला. पुढच्या वर्षी बेकेटनं बर्लिनच्या शिलर थिएटरमध्ये 'गोदो' बसवलं, तेव्हा क्लूची तालमींना त्याच्या हाताखाली होता. आणि १९७७ मध्ये त्याच शहरात बेकेटनं क्लूचीला घेऊन 'क्रॅप्स लास्ट टेप' केलं, इंग्रजीत. आयुष्याचा मोठा भाग फ्रेंचमध्ये लिहीत आलेला आयरिश लेखक, जर्मन बोलणारं शहर आणि शिकागोचा एकेकाळचा जन्मठेपेचा कैदी. नुसती नटाची गरज असती तर बेकेटला लंडनहून हवा तो नट मिळाला असता.

या संचाच्या कामाचं चित्रण झालेलं आहे. मुलीच्या घरी रात्री सगळे झोपल्यावर मी क्लूचीचा क्रॅप पाहिला. एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा टेबलाशी एकटाच बसलाय. समोर टेपरेकॉर्डर. तो स्वतःचाच, एकोणचाळिसाव्या वर्षी भरून ठेवलेला आवाज ऐकतोय. ऐकताना क्लूची यंत्रावर वाकतो, एक हात त्याच्याभोवती ठेवतो, जसा आपण झोपलेल्या लेकराभोवती ठेवतो, आणि कान जवळ नेतो. मध्येच थबकून डाव्या खांद्यावरून मागच्या काळोखात बघतो, कुणी उभं आहे का म्हणून. मग पुन्हा कान लावतो. मी चित्रफीत थांबवली आणि तेवढाच भाग परत लावला. आवाज कसा ऐकायचा, हे या नटाला दिग्दर्शकानं शिकवलं नव्हतं. तो ते कोठडीतून शिकून आला होता.

याच संचाचं बेकेटबरोबरचं 'एंडगेम' १९८० मध्ये झालं. १९८४ मध्ये लंडनच्या रिव्हरसाइड स्टुडिओत पुन्हा 'गोदो'ची तालीम झाली. वॉल्टर अस्मसनं बसवलेल्या त्या प्रयोगावर सत्तरी ओलांडलेल्या बेकेटनं शेवटचा हात फिरवला, आणि तो प्रयोग तिथून ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या महोत्सवाला गेला. क्लूची २०१५ मध्ये वारला. त्याच्याविषयी बोलताना लोक 'सुधारलेला गुन्हेगार' म्हणतात, ते मला पटत नाही. तो चांगला नट होता आणि त्याचं मोजमाप नट म्हणूनच व्हायला हवं.

ज्या वर्षी सॅन क्वेन्टिनला 'गोदो' झालं, त्याच १९५७ साली आपल्याकडं व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' आला. कथा गदिमांची, आणि तिचं मूळ औंध संस्थानानं आटपाडीजवळ वसवलेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत. आमच्या सांगली जिल्ह्यातली ही जागा. कैद्याला माणूस मानण्याचा वारसा आपल्याला परक्या मुलखातून आणावा लागत नाही.

तरी आम्ही काय केलं? वीसेक वर्षांपूर्वी आमच्या संस्थेनं एका जिल्हा कारागृहात प्रयोग केला. व्यसनमुक्तीचं पथनाट्य, पंचवीस मिनिटांचं. सगळ्यांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या. सामान गोळा करताना ढोलकी उचलून द्यायला आलेला एक कैदी हळूच म्हणाला, "दादा, तुम्ही लोक स्पर्धेला जे करता, ते नाटक इकडं कधी आणणार?" मी "आणू की" म्हणालो. त्या वर्षी आम्ही स्पर्धेत दोन अंकी, चांगलं अवघड नाटक केलं होतं. ते तिथं नेण्याचा विचारही आमच्या मनात आला नव्हता. त्यांना ते झेपणार नाही, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. पुढंही ते नेलं नाही. फेरीच्या कठड्याशी उभा असताना मला आधी त्या माणसाचा चेहरा आठवला, बेकेट नंतर.

म्हणून महाराष्ट्रातल्या हौशी संघांना माझी एक विनंती आहे. राज्य नाट्य स्पर्धेची फेरी संपली, की नेपथ्य मोडण्याआधी एक प्रयोग जवळच्या कारागृहात करा. उपदेशाचं काही नको. स्पर्धेत उतरवलेलं नाटक, कापछाट न करता. अधीक्षकांकडं रीतसर अर्ज द्या, संहितेची प्रत जोडा. आणि ज्यांना त्या दिवशी बराकीबाहेर सोडता येणार नाही, त्यांच्यासाठी आत एक कर्णा लावू द्यावा, हेही त्या अर्जात लिहा.