अनामत

माझा एका भाषेवर फार लोभ आहे. ती बोलावयाची भाषा नव्हे. संगणकाकडून वेबसाइटची कामे करवून घ्यावयाची ती भाषा आहे. पीएचपी हे तिचे नाव. रासमुस लेर्डोर्फ या गृहस्थांनी १९९४ साली स्वतःच्या वेबपानापुरती काही अवजारे घडविली, १९९५ साली ती सर्वांना वापरावयास दिली आणि पाहता पाहता त्या घरगुती अवजारांची एक भाषा होऊन बसली. आज विकिपीडियासारखा प्रचंड ग्रंथही तिच्याच बळावर चालतो.

मला ती आवडली ती तिच्या मवाळ स्वभावामुळे. संगणकाच्या हिशेबात प्रत्येक आकडा एकेका डब्यात ठेवावा लागतो. धंद्यातील मंडळी त्याला व्हेरिएबल म्हणतात. कित्येक भाषांत डबा आधी नावानिशी मांडून ठेवावा लागतो, तेव्हा कोठे त्यात काही घालता येते. पीएचपीत नाव उच्चारले की डबा हजर! एवढेच नव्हे, तर कधीच न भरलेल्या डब्याचे नाव घेतले तरी ती रागावत नसे. डबा रिकामा आहे असे समजून ती पुढचे काम उरकी, आणि जाता जाता एखादी बारीकशी सूचना पुटपुटे.

२००९ साली मी आमच्या गावच्या वाचनालयासाठी सभासदांचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्राम हौसेने लिहिला. असल्या सूचनांचा पडद्यावर पाऊस पडू लागला, तेव्हा पहिल्याच ओळीत ‘या दाखवू नकोस’ अशी आज्ञा देऊन मी मोकळा झालो. पडदा स्वच्छ झाला. पुढे वार्षिक सभेत मला शाल आणि नारळ मिळाला.

२०१३ साली एक निवृत्त शिक्षक सभासदत्व बंद करावयास आले. डोळ्यांना दिसेनासे झाले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अनामत तीनशे रुपये होती. पडदा दीडशे दाखवीत होता. पावती त्यांना सापडत नव्हती. मी दहा माणसांदेखत, हसतमुखाने म्हणालो, “गुरुजी, यंत्र चुकत नाही हो!” त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले, दीडशे रुपये घडी करून खिशात ठेवले आणि ते जिना उतरून गेले.

इकडे माझी मवाळ भाषा वयाबरोबर करडी होत चालली होती. (तिच्या आवृत्त्यांत पाचवीनंतर एकदम सातवी येते. सहावीत जगातील सर्व लिप्या मुळापासून सामावून घेण्याचा बेत होता. तो २०१० साली सोडून द्यावा लागला आणि सहावी आवृत्ती पंचांगातील क्षयतिथीसारखी नाहीशी झाली.) २०२० च्या आठव्या आवृत्तीत ती पुटपुटणारी सूचना चांगली खणखणीत ताकीद झाली. पुढे २०२२ साली भाषेच्या कर्त्यांनी मते घेऊन ठरविले, की नवव्या आवृत्तीत न भरलेल्या डब्याचे नाव घेताच काम तेथल्या तेथे थांबेल. वस्तूला आधी न सांगितलेला गुण आयत्या वेळी चिकटविण्याची मुभाही जावयाची आहे. त्याबद्दलचा इशारा ८.२ या आवृत्तीपासूनच मिळू लागला. आकडा किंवा मजकूर हवा तेथे ‘काहीच नाही’ हे उत्तर देऊन वेळ मारून नेणेही बंद होणार. हे वाचून प्रथम मला रागच आला. चालत्या संसारात ही नसती शिस्त कशाला?

तरी गेल्या श्रावणात तयारी म्हणून ती पहिली ओळ मी पुसली आणि प्रोग्राम चालविला. ताकिदींची रांग लागली. बहुतेक निरुपद्रवी होत्या. एका ओळीशी मात्र मी थबकलो. सेवानिवृत्तांना अनामत दोन हप्त्यांत भरण्याची सवलत होती. दुसरा हप्ता ज्या डब्यात ठेवला त्याचे नाव रोमन लिपीत लिहिताना ‘अनामत’मधल्या ‘ना’पुढे मी एकच ‘ए’ घातला होता, आणि परताव्याची बेरीज करताना दोन. दीडशे अधिक रिकामा डबा, बरोबर दीडशे. मराठी शब्द रोमन अक्षरांत कसा लिहावा याचा धरबंध आपल्यापाशी नाही, हे खरे. पण ताकीद पुसून टाकणारा हात माझाच होता.

असे सभासद चार निघाले. तिघांचे पैसे बँकेत भरले. चौथ्यांच्या घरी मी स्वतः गेलो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन गुरुजी आता पुन्हा वाचू लागले होते. मी सारी हकीकत सांगितली. ते उठले, कपाटातील एका पुस्तकातून खुणेसाठी घातलेला कागद त्यांनी काढला आणि माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या हप्त्याची पावती होती.

“पुढच्याच महिन्यात सापडली,” ते म्हणाले.

“मग आला का नाहीत?”

“भर वाचनालयात तुम्हाला खोटे कसे पाडायचे? नुकतीच शाल मिळाली होती तुम्हाला.”

मला काही बोलवेना. दीडशे रुपये त्यांनी मोजून घेतले, क्षणभर हातात धरले आणि परत माझ्याकडे केले.

“हे नव्या अनामतीचा पहिला हप्ता म्हणून जमा करा,” ते म्हणाले, “आणि पावती तेवढी हाताने लिहून द्या.”